पगार सोडून यूट्यूब धरताना: राजीनाम्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पायऱ्या

मी राजीनामा दिला तेव्हा माझ्या चॅनेलवर ६१ व्हिडिओ होते. हे सगळे मी नोकरी सांभाळून, चौदा महिन्यांत, दर शनिवारी एक या हिशेबाने टाकले होते. भोसरीतल्या एका खासगी कंपनीच्या खरेदी विभागात माझी ९ वर्षं झाली होती. हातात ४६,००० रुपये पगार यायचा आणि घरखर्च गृहकर्जाच्या हप्त्यासकट ३८,००० होता. अण्णांचं सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या इस्लामपूरला (आताचं ईश्वरपूर) मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शेतीपंप, घरची पाण्याची मोटर, स्टार्टर यांची दुरुस्ती मराठीत समजावून सांगायची, हा माझ्या चॅनेलचा विषय.

रोज कुणी ना कुणी विचारतं, "नोकरी सोडू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. व्हिडिओला वेळ पुरत नाही आणि त्यामुळे येणारे पैसे हातचे जातायत, असं झालं तर सोडा. ऑफिसचा कंटाळा आलाय, साहेब त्रास देतो, प्रवासाने जीव जातो, ही नोकरी बदलायची कारणं आहेत. त्यांसाठी चॅनेल काढू नका. साहेबाच्या जागी अल्गोरिदम, म्हणजे कुणाला कोणता व्हिडिओ दाखवायचा ते ठरवणारी यूट्यूबची यंत्रणा, येतो आणि तो सुट्टी देत नाही.

पहिलं काम: नेमणूकपत्र काढून वाचा

कपाटातलं नेमणूकपत्र शोधा. नोकरीत असताना दुसरं उत्पन्न घेता येईल का, नोटीस किती दिवसांची, बाँड आहे का, ही तीन वाक्यं शोधून त्यांखाली पेन्सिलने रेघ मारा. जोडउत्पन्नाला मनाई असेल तर एचआरकडून ईमेलवर परवानगी घ्या. तोंडी "काही हरकत नाही" ऐन वेळी उपयोगाला येत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर एडिटिंग करू नका, ऑफिसच्या इमारतीत शूट करू नका आणि कंपनीची माहिती व्हिडिओत आणू नका.

सरकारी नोकरीत असाल तर नियम जास्त कडक आहेत. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात. खासगी व्यवसायातून कमाई करायची तर पूर्वपरवानगी लागते. पत्नीच्या नावावर चॅनेल काढून आपण पडद्यावर यायचं, हा उपाय बरेच जण सुचवतात. त्या वाटेला जाऊ नका. पडद्यावर चेहरा तुमचाच दिसतो.

विषय: पन्नास मथळ्यांची वही

मे २०२५ मध्ये मुंबईत मनोरंजन उद्योगाच्या 'वेव्हज' परिषदेत यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांनी भारताचे आकडे सांगितले. आदल्या तीन वर्षांत भारतातल्या क्रिएटर, कलाकार आणि माध्यम कंपन्यांना मिळून २१,००० कोटींहून अधिक रुपये दिले गेले. हा आकडा सगळीकडे फिरला. त्याच भाषणातला दुसरा आकडा मात्र कमी जणांनी ऐकला: वर्षभरात भारतातल्या १० कोटींहून अधिक चॅनेलवर व्हिडिओ टाकले गेले आणि त्यांपैकी १० लाख सबस्क्रायबर ओलांडलेली चॅनेलं १५,००० च्या वर होती. म्हणजे साधारण साडेसहा हजारांत एक. या गर्दीत "थोडं व्लॉग, थोडं रेसिपी, थोडं मोटिव्हेशन" असं चॅनेल कुणाच्या लक्षात राहणार?

एक वही घ्या आणि आपल्या विषयावरचे पन्नास मथळे लिहा, पण लोक जसे विचारतात तसे. मी दुकानात दोन रविवार बसून गिऱ्हाइकांची वाक्यं जशीच्या तशी उतरवून घेतली: "मोटर फिरतीय पण पाणी ओढत न्हाई", "स्टार्टर धरतोय आन् सोडतोय", "मोटर नुसती गुणगुणतीय". हेच माझे पहिले तीन मथळे झाले. मग यूट्यूबच्या शोधपट्टीत तेच शब्द देवनागरीत आणि रोमन अक्षरांत टाकून पाहिले. खाली आपोआप पर्याय सुचतायत आणि उत्तराचे मराठी व्हिडिओ मात्र दोन-चारच, तेही जुने आणि आवाज नीट न येणारे, असं दिसलं तर तिथे जागा आहे. पन्नास मथळे होता होत नसतील तर विषय फार अरुंद आहे किंवा तुमचा नाही.

मराठी की हिंदी, हा प्रश्न प्रत्येकाला छळतो. हिंदीत प्रेक्षक जास्त आहेत, यात वाद नाही. पण फुटव्हॉल्व्हमध्ये (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाला बसवलेल्या व्हॉल्व्हमध्ये) कचरा अडकून मोटर हवा धरते, हे वाळवा तालुक्यातल्या शेतकऱ्याला त्याच्या शब्दांत सांगणारा माणूस त्याला हवा असतो, आणि एकदा सापडला की तो पुन्हा पुन्हा येतो. मी मराठीच धरली आणि त्याचा पश्चात्ताप नाही.

सामान: आधी आवाज

पहिल्या वर्षी कॅमेरा घेऊ नका. तीन-चार वर्षांतला बरा फोन, कॉलरला लावायचा माइक, ट्रायपॉड आणि खिडकीचा उजेड एवढ्यावर काम भागतं. चित्र थोडं डावं-उजवं असलं तरी लोक बघतात. आवाज घुमला, फॅनची घरघर आली की निघून जातात. चिंचवडच्या फ्लॅटमध्ये मी मे महिन्यात पंखा बंद करून, समोरच्या भिंतीवर गोधडी टांगून रेकॉर्डिंग करायचो. इस्लामपूरच्या दुकानाशेजारी पिठाची गिरणी आहे. तिथे रविवारी सकाळी सात ते साडेआठ एवढीच शांतता मिळते. शूटच्या आदल्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी एक मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. या एका सवयीने माझी कितीतरी रीशूट वाचली.

नोकरीत असतानाचा सराव

हा टप्पा सगळ्यांत मोठा आहे आणि लोक नेमका हाच गाळतात. किमान तीस व्हिडिओ होईपर्यंत राजीनाम्याचा विषय काढायचा नाही, असं स्वतःला बजावा.

प्रत्येक व्हिडिओला लागलेले तास लिहून ठेवा. माझ्या नऊ मिनिटांच्या व्हिडिओचा हिशेब असा होता: माहिती आणि मुद्दे लिहायला २ तास, शूटिंगला ४, एडिटिंगला ६, थंबनेल, मथळा आणि अपलोड मिळून दीड. एकूण साडेतेरा तास. सोमवार ते गुरुवार रात्री साडेनऊ ते साडेअकरा एडिटिंग आणि लिखाण, रविवारी शूटिंग. शुक्रवार मोकळा, कारण तो दिवस मुलीचा. असं वेळापत्रक चार महिने निभत नसेल, तर नोकरी सोडल्यावरही निभणार नाही. मोकळा दिवस हातात आला म्हणून शिस्त आपोआप येत नाही.

सुधारणा कशी करायची ते एका उदाहरणाने सांगतो. "मोटर फिरते पण पाणी ओढत नाही" या व्हिडिओची सुरुवात मी अशी केली होती: "नमस्कार मित्रांनो, आपल्या चॅनेलवर आपलं स्वागत आहे, व्हिडिओ सुरू करण्याआधी..." यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कुठे टिकले आणि कुठे गेले याचा आलेख असतो. तिसाव्या सेकंदाला १०० पैकी ४१ जण उरले होते. मी तोच विषय पुन्हा शूट केला. या वेळी पहिल्या फ्रेममध्ये विहिरीतून ओढून काढलेला फुटव्हॉल्व्ह हातात धरला, त्याच्या जाळीत अडकलेली प्लास्टिकची पिशवी चिमट्याने ओढली आणि म्हणालो, "ही एवढी पिशवी तुमचं पाणी अडवते. खालचा व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, पाइपातलं पाणी परत विहिरीत जातं आणि मोटर हवा धरते." तिसाव्या सेकंदाला ६८ जण होते. माणूस अडचण घेऊन आलेला असतो. ती अडचण त्याला लगेच दिसली पाहिजे. दर व्हिडिओनंतर आलेखात जिथे खळगा पडलाय ती जागा पुन्हा बघा, तिथे काय बोललात ते लिहा आणि पुढच्या व्हिडिओत ते टाळा.

शॉर्ट्सबद्दल थोडक्यात. त्यांनी ओळख वाढते, पण शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेला वेळ ४,००० तासांच्या अटीत धरला जात नाही. माझ्यासारख्या शिकवण्याच्या विषयात लांब व्हिडिओच घर चालवतात.

पैसे कुठून आणि कसे येतात

जाहिरातींतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तासांचा वैध वॉच टाइम लागतो, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी वैध व्ह्यूज. त्याआधीची एक पायरी ५०० सबस्क्रायबरची आहे, पण तिथे मेंबरशिप, सुपर थँक्स अशा, प्रेक्षकांनी थेट पैसे देण्याच्या सोयी मिळतात, जाहिरातींचा वाटा नाही. लांब व्हिडिओच्या जाहिरात उत्पन्नातले ५५ टक्के क्रिएटरला मिळतात, शॉर्ट्सला ४५ टक्के. दुसऱ्यांच्या क्लिप जोडून किंवा यंत्राच्या आवाजात एकसारखे व्हिडिओ रोज ओतून ही अट पूर्ण करायचा विचार असेल तर सोडा. अशा साचेबंद मजकुराला कमाई नाही, हे यूट्यूबने जुलै २०२५ मध्ये धोरणात पुन्हा स्पष्ट केलं आहे.

अ‍ॅडसेन्स खातं (यूट्यूबचे पैसे ज्यातून मिळतात ते गूगलचं खातं) उघडताना नाव बँक पासबुक आणि पॅनवर आहे तसंच टाका. कमाई १० डॉलर झाली की पत्ता पडताळायला पिन पोस्टाने येतो. पत्त्यात जवळची खूण, विंग आणि फ्लॅट क्रमांक लिहा आणि पोस्टमनला सांगून ठेवा. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. १०० डॉलर जमल्यावर पैसे निघतात, महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान.

अमेरिकेच्या कराचा फॉर्म अनेक जण घाबरून तसाच ठेवतात, आणि तो सगळ्यांत महागात पडतो. फॉर्म भरून भारत-अमेरिका कर कराराचा लाभ घेतला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर १५ टक्के कापले जातात. फॉर्मच भरला नाही तर जगभरच्या एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. वीस मिनिटांचं काम आहे, पहिल्याच दिवशी उरका.

फक्त जाहिरातींवर घर चालवू नका. दिवाळीच्या आधी जाहिरातींचे दर चढतात आणि नंतर उतरतात, शिवाय विषयाचा स्वतःचा हंगाम असतो. माझे व्ह्यूज मार्च ते मे वर असतात, पाऊस लागला की पंप बंद आणि व्ह्यूजही खाली. रब्बीला पुन्हा उठतात. म्हणून महिन्याचा आकडा बघून हुरळू नका आणि खचूही नका, सहा महिन्यांची सरासरी काढा.

कंपन्यांच्या प्रायोजित व्हिडिओंत पैसे चांगले मिळतात, पण सगळं लेखी हवं. एका पंप कंपनीचं काम मी फोनवरच्या शब्दावर केलं. चार वेळा बदल करून दिले आणि पैसे पाच महिन्यांनी आले. तेव्हापासून ईमेलवर पाच गोष्टी आल्याशिवाय कॅमेरा सुरू करत नाही: रक्कम, अर्धे पैसे आगाऊ, बदल जास्तीत जास्त दोनदा, उरलेले पैसे किती दिवसांत, आणि माझा व्हिडिओ ते स्वतःच्या जाहिरातीत किती काळ वापरणार. पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल तर प्रेक्षकाला ठळकपणे सांगणं बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. आणि दंड नसता तरी सांगायलाच हवं. माझ्या शब्दावर शेतकरी बारा-पंधरा हजारांची मोटर घेतो.

कंपनीने दिलेली वस्तू तुम्ही ठेवून घेतली तर तिची किंमतही उत्पन्नात धरली जाते. एका कंपनीकडून वर्षात २०,००० रुपयांच्या वर गेली तर १० टक्के टीडीएस लागतो. हा नियम १ जुलै २०२२ पासून आहे.

पगाराच्या आड लपलेल्या गोष्टी

पगार बंद होतो तेव्हा फक्त ४६,००० थांबत नाहीत. त्याच्याबरोबर काय काय जातं याची यादी मी फ्रिजवर लावली होती आणि एकेक काम झालं की खूण करत होतो.

पहिला विमा. कंपनीची ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपते. वैयक्तिक पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून दावा करता येत नाही आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून पॉलिसी राजीनाम्याच्या वर्षभर आधी घ्या. जमलं नसेल तर नोकरी सुटण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते विचारा. ग्रुपमध्ये काढलेला काळ त्यात जमेस धरला जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही.

दुसरी ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की ती मिळते: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांना १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. मूळ पगार २२,००० आणि ९ वर्षं धरून माझे सुमारे १ लाख १४ हजार झाले. चार वर्षं आठ महिने झालेल्या माणसाने चार महिने कळ काढावी, एवढंच सांगेन.

तिसरं कर्ज. घरासाठी किंवा गाडीसाठी कर्ज लागणार असेल तर पगाराची स्लिप हातात असताना घ्या. स्वतःच्या व्यवसायावर बँक दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागते. क्रेडिट कार्डचंही तेच.

चौथा कर. आता टीडीएस कापून घेणारं अकाउंट्स डिपार्टमेंट नाही. वर्षाचा कर १०,००० च्या वर जाणार असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला आगाऊ कर भरायचा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर जाऊ लागली की जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो. यूट्यूबचे पैसे परदेशातून आले तर बँकेकडून त्याचं प्रमाणपत्र मागून ठेवा. सीएकडे मार्चमध्ये धावत जाण्यापेक्षा पहिल्या कमाईच्या महिन्यातच जा.

आणि पीएफ. अण्णा फार बोलत नाहीत. मी सांगितलं तेव्हा मोटरची पट्टी बसवता बसवता त्यांनी एवढंच म्हटलं, "नोकरी सोडतोयस तर सोड. पीएफला हात लावू नकोस." पाच वर्षांच्या आत काढला तर करही लागतो. मी तो तसाच ठेवला आहे.

सोडायची वेळ: दोन आकडे

माझे दोन आकडे होते. व्हिडिओंच्या उत्पन्नाची सहा महिन्यांची सरासरी घरखर्चाच्या निम्म्याहून जास्त हवी, म्हणजे १९,००० च्या वर. आणि बारा महिन्यांचा घरखर्च, ४ लाख ५६ हजार, वेगळ्या खात्यात हवा. सरासरी २१,००० झाली तेव्हा बचत साडेतीन लाख होती, म्हणून आणखी चार महिने थांबलो. पत्नीच्या शिकवण्यांचे पैसे या हिशेबात धरले नाहीत. ग्रॅच्युइटीही नाही, ती आणीबाणीसाठी.

घरच्यांशी बोलताना स्वप्नं सांगू नका, वही दाखवा. सासूबाई म्हणाल्या, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागताय, जावईबापू." त्यांचं चुकलं नव्हतं. मी त्यांना सहा महिन्यांच्या बँकेतल्या नोंदी दाखवल्या. पत्नीने सगळं शांतपणे पाहिलं आणि तीन अटी वहीत लिहिल्या: मुलीच्या शाळेच्या फीला हात लावायचा नाही, कर्ज काढून सामान घ्यायचं नाही, आणि बचत चार महिन्यांच्या खर्चाएवढी उरली की नोकरी शोधायला लागायचं. त्याखाली आम्ही दोघांनी सह्या केल्या.

राजीनामा

दोन ओळींचा लिहा, कारणांची पानं नको. नोटीसचा पूर्ण काळ काम करा आणि हाताखालच्या माणसाला सगळं समजावून द्या. निघताना रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६ कधी मिळेल याचं ईमेल आणि अंतिम हिशेबाचा कागद घ्या. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख चढली का ते बघा. ईमेल आणि बँकेला ऑफिसचा मोबाइल नंबर जोडलेला असेल तर सिम परत करण्याआधी बदला.

पहिले सहा महिने

चॅनेलचं खातं वेगळं ठेवा आणि दर १ तारखेला त्यातून घरखात्यात ठरलेली रक्कम टाका. मी ३०,००० टाकतो, कमी पडले तर बचतीतून भर घालतो. चांगल्या महिन्यातले जादा पैसे पावसाळ्यासाठी तिथेच राहतात.

खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच लावा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सुमन धामणे यांचं 'आपली आजी' हे लाडकं चॅनेल २०२० मध्ये हॅक झालं होतं, नंतर परत मिळालं. प्रायोजकाच्या नावाने आलेल्या ईमेलमधली फाइल उघडू नका, ठगांची ही नेहमीची वाट आहे. मूळ व्हिडिओ दोन हार्ड डिस्कवर ठेवा. संगीत यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतून घ्या. ९० दिवसांत कॉपीराइटच्या तीन स्ट्राइक आल्या की चॅनेल बंद होऊ शकतं.

एकाच अ‍ॅपवर पोट ठेवू नका. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा लाखो फॉलोअर असलेल्या मुलांच्या हातात दुसऱ्या दिवशी काही उरलं नव्हतं. मी इन्स्टाग्रामवर छोटे तुकडे टाकतो, व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल चालवतो आणि दर दुसऱ्या शनिवारी दुकानात मोटर दुरुस्तीचा प्रत्यक्ष वर्ग घेतो. आठ जण, प्रत्येकी ६०० रुपये.

कामाची वेळ पाळा. मी नऊला बसतो, सहाला उठतो, कमेंट्सना उत्तरं फक्त दुपारी जेवणानंतर देतो. घरी बसून काम करणाऱ्या माणसाला दिवसभर बाजारहाट, गॅस सिलिंडर आणि पाहुणे सापडतात. दार लावून घेण्याबद्दल घरात पहिल्याच आठवड्यात बोला.

परतीची वाटही उघडी ठेवा. माझा बायोडेटा दर तीन महिन्यांनी ताजा होतो आणि खरेदी विभागातल्या दोन जुन्या सहकाऱ्यांना मी अधूनमधून भेटतो. फ्रिजवर यादीच्या जागी आता एकच कागद आहे: बचतीचा आजचा आकडा, सहा महिन्यांची सरासरी आणि पुढच्या तपासणीची तारीख. पुढची तपासणी ३० सप्टेंबरला. त्या दिवशी पत्नी वही काढते आणि आकडे तीच लिहिते.